ठरवलेलं सगळं फिसकटल्यावर देवाकडून धीर कसा घ्यायचा? (नेम, हरिपाठ, गाथा)

मधलीवाट

स्पर्धा परीक्षेची वयोमर्यादा या वर्षी संपली. ज्या एका गोष्टीभोवती सगळं आखलं होतं ती आता होणार नाही, हे नक्की झालंय. पोटापाण्याचं काय ते बघतोय, त्यावर सल्ला नको. प्रश्न देवाबद्दल आहे.

घरात हरिपाठ आहे, तुकोबांची गाथा आहे, पण ती देव्हाऱ्यात लाल फडक्यात. तीनदा नेम धरला, तीनदा मोडला. त्यातलं एक ज्ञानेश्वरीचं सात दिवसांचं पारायण, तिसऱ्या दिवशी बंद पडलं. डोळे ओळीवर आणि मन निकालाच्या यादीवर. वर जो तो 'ठेविलें अनंतें' ऐकवतो. ते ऐकलं की चीड येते, आणि देवाचीच चीड आलेली असताना पोथी उघडणं खोटं वाटतं.

नेमकं सांगा: सुरुवात कुठून करावी, रोज किती, गाथेतलं काय वाचावं आणि काय आत्ता वाचू नये? मन लागत नसेल तर म्हणत राहावं की थांबावं? 'विश्वास ठेव, सगळं ठीक होईल' एवढंच लिहिणार असाल तर कृपया नको.

---

टाळकरी_तिसरी_रांग

राम कृष्ण हरी. पारायण सुटलं यात तुमचा दोष कमी आणि मापाचा जास्त. ज्ञानेश्वरीच्या प्रचलित प्रतीत 9033 ओव्या आहेत. सात दिवसांत संपवायच्या तर रोज सुमारे 1290 ओव्या होतात. सवयीच्या माणसालाही त्याला रोज पाच-सहा तास बैठक लागते. शिवाय सप्ताहात पारायण मांडवात असतं, आजूबाजूला पन्नास माणसं वाचत असतात, चहाची वेळ ठरलेली असते, चोपदार असतो. घरी एकट्याने, मन उसवलेलं असताना तेवढं ओझं उचलू नये. त्याच ज्ञानेश्वरीच्या रोज 25 ओव्या घेतल्या तर 362 दिवसांत ग्रंथ पुरा होतो. पण तेही आत्ता नको.

आत्ता हरिपाठ. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे 27 अभंग आहेत. सगळा एका दमात म्हणू नका. पहिला आठवडा फक्त पहिला अभंग, 'देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी', दिवसातून एकदा बसून दोनदा म्हणायचा. दुसऱ्या आठवड्यात दुसरा जोडा. दर आठवड्याला एक. असे 27 आठवडे, म्हणजे सहा महिने. शेवटी पूर्ण हरिपाठ साध्या म्हणणीत पंचवीस-तीस मिनिटांत होतो, आणि तोवर तो न बघता येत असतो. चालीवर, टाळ-मृदंगावर आणि 'हरि मुखें म्हणा' हे पालुपद दर चरणाला घेतलं तर वेळ बराच वाढतो. ते देवळात, घरी नव्हे.

म्हणण्याची रीत महत्त्वाची आहे. मोठ्या अभंगाचं माप 6-6-6-4 अक्षरांचं. 'देवाचिये द्वारीं' सहा, 'उभा क्षणभरी' सहा, 'तेणें मुक्ति चारी' सहा, 'साधियेल्या' चार. पहिले तीन तुकडे एका श्वासात घ्या, चार अक्षरांचा शेवटचा तुकडा सावकाश सोडा आणि मग श्वास घ्या. आवाज एवढा असावा की स्वतःच्या कानाला ऐकू यावा. मनातल्या मनात वाचलं की मन लगेच यादीवर जातं. जीभ आणि कान दोन्ही गुंतले की त्याला पळायला वाट कमी उरते. मोबाईलवर हरिपाठ लावून दुसरं काम करणं वाईट नाही, पण तो नेम नव्हे. ओठ हलले पाहिजेत.

नेम कशाने मोडतो तेही सांगतो. एक म्हणजे वेळ. 'पहाटे पाचला' असं घड्याळावर बांधलं की एक जागरण झालं आणि गेलं. नेम कामाला बांधा: अंघोळ झाली की, किंवा तिन्हीसांजेला दिवा लावला की. घरातला दिवा कुणी ना कुणी लावतंच, त्यामुळे आठवण आपोआप होते. दुसरी आणि मोठी चूक दुप्पट करण्याची. एक दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं म्हणायला बसतात. तिसऱ्या दिवशी थकवा येतो, पाचव्या दिवशी थकबाकीचा डोंगर दिसतो आणि पोथी परत फडक्यात जाते. चुकलेला दिवस सोडून द्यायचा, आजचं तेवढं म्हणायचं. देवाकडे खतावणी नाही.

आणि भावनेच्या भरात तुळशीची माळ घालू नका. माळ म्हणजे नुसते 108 मणी नव्हेत. तिच्याबरोबर एकादशी येते, मांस-मद्य सुटतं, पंढरी-आळंदीची वारी येते. सहा महिने नेम टिकला की मग घरच्या वडीलधाऱ्यांशी, फडावरच्या (वारकऱ्यांच्या गटातल्या) जाणत्याशी बोलून ठरवा.

---

ओळ_शोधणारा

टाळकरीदादांनी माप सांगितलं, मी गाथेबद्दल लिहितो. मूळ प्रश्नाचं उत्तर तुकोबांच्या एकाच अभंगात जवळजवळ पायरीपायरीने आलेलं आहे आणि तो वाचताना लोक फार घाई करतात.

'याति शूद्र वैश केला वेवसाव' हा तो अभंग. गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत आणि प्रतीप्रतीत क्रमांक बदलतात, त्यामुळे क्रमांकावर जाऊ नका. पुस्तकाच्या शेवटी पहिल्या चरणांची अकारविल्हे सूची असते, तिथे 'या' खाली शोधा. संतांनी 'तुम्ही इथवर कसे आलात' असं विचारल्यावर सांगितलेली ही हकिगत आहे. सांगू नये, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, असा तिचा सूर आहे.

आधी काय काय गेलं ते येतं. 1630 च्या सुमाराचा तो मोठा दुष्काळ. 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. पैसा गेला, पत गेली, बायको अन्नावाचून गेली. त्यानंतरचा शब्द बघा: 'लज्जा वाटे जीवा'. या कडव्यात दुःखाआधी लाज. व्यवसायात तूट आली, लोकांत तोंड दाखवायची लाज वाटते. योजना फसलेल्या माणसाला आधी हेच होतं, आणि तुकोबांनी ते लपवलेलं नाही.

आता पुढचा क्रम. 'देवाचें देऊळ होतें तें भंगलें । चित्तासी जें आलें करावेंसें'. पहिली गोष्ट ध्यान नव्हे, जप नव्हे. पडकं देऊळ दुरुस्त करायला घेतलं. माती, दगड, हाताचं काम. मग 'आरंभीं कीर्तन करीं एकादशी'. रोज नव्हे, एकादशीला, म्हणजे पंधरवड्यातून एकदा. आणि लगेच पुढचा चरण: 'नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं'. सुरुवातीला चित्त अभ्यासात नव्हतं. तुमच्या 'मन लागत नसेल तर थांबावं का' या प्रश्नाला तुकोबांनी दिलेलं हे उत्तर आहे. त्यांचं लागत नव्हतं, आणि ते थांबले नाहीत.

मग 'कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें'. 'कांहीं' हा शब्द धरा, सगळी नव्हे. मग 'गाती पुढें त्यांचें धरावें धृपद': पुढे गाणाऱ्याच्या मागे उभं राहून धृपद, म्हणजे पालुपद, धरलं. स्वतःची वाणी अजून नाही, दुसऱ्याच्या ओळीला आवाज जोडायचा. मग 'लाज नाहीं मनीं येऊं दिली'. वर जी लाज होती तिचा निकाल इथे लागतो, आणि तो विचार करून लागलेला नाही, संतांच्या पायांचं तीर्थ घेताना लागलेला आहे. मग देह कष्टवून जमेल तो उपकार केला. या सगळ्यानंतर स्वप्नातला गुरूपदेश येतो, आणि कवित्वाची स्फूर्ती त्याच्याही नंतर.

आपण हा क्रम उलटा लावतो. आधी मनाला उभारी यावी, मग देवळात जाऊ, मग कुणाच्या उपयोगी पडू. अभंगात हात आधी आहेत, गळा नंतर, आणि चित्त त्याच्याही मागून चालत आलेलं आहे.

अजून एक गोष्ट, जी सहसा सांगितली जात नाही. तुकोबांवर आघात एकदाच आला असं आपल्या डोक्यात असतं. या अभंगात तो दोनदा येतो. दुष्काळ आणि दिवाळं हा पहिला. नंतर साधना चालू असताना, कवित्व चालू असताना 'निषेधाचा कांहीं पडिला आघात । तेणें मध्यें चित्त दुखविलें', आणि मग 'बुडविल्या वह्या बैसलों धरणें'. म्हणजे नेम नीट चालला असतानाच सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट इंद्रायणीत गेली. तेव्हा नेम धरल्यावर पुन्हा काही बिनसलं तर 'माझं काहीतरी चुकलं म्हणून देव पावत नाही' असा हिशेब मांडू नका. त्यांनाही या दुसऱ्या आघातानंतर धरणं धरून बसावं लागलं, आणि 'केलें नारायणें समाधान' ही ओळ त्या धरण्यानंतरची आहे.

शेवटाकडे म्हणतात, 'आतां आहे तैसा दिसतो विचार । पुढील प्रकार देव जाणे'. एवढं सगळं झाल्यावरही पुढचं मला कळलं असा दावा नाही. कळलं ते एवढंच, की भक्ताची उपेक्षा नारायण करत नाही.

हा अभंग असा घ्या: वीसेक कडवी आहेत, रोज एक. वहीत हाताने उतरवा, जुन्या शब्दाखाली आपला शब्द लिहा ('वेवसाव' म्हणजे व्यवसाय, 'ग्वाही' म्हणजे साक्षी). सार्थ गाथा असेल तर अर्थ दुसऱ्या दिवशी बघा, त्याच दिवशी नको. एक रात्र ओळ नुसती मनात राहू द्या.

---

मधलीवाट

ओळ_शोधणारा, तो अभंग आज उघडला. 'लज्जा वाटे जीवा' वर बराच वेळ थांबलो. दोघांचेही मनापासून आभार.

राहिला प्रश्न रागाचा. आणि 'ठेविलें अनंतें' चा.

---

जनीचं_जातं

राग घेऊनच जा, त्यासाठी वेगळे अभंग आहेत. संतांनी देवाशी केलेलं भांडण हा आपल्याकडे भक्तीचाच भाग मानलेला आहे, ते कुणी लपवून ठेवलेलं नाही. जनाबाई 'अरे विठ्या, अरे विठ्या' म्हणून चक्क शिव्या घालते. नामदेव म्हणतात, 'पतित पावन नाम ऐकुनी आलो मी दारा । पतित पावन न होसि म्हणुनी जातो माघारा': नाव मोठं ऐकून आलो, तू तसा नाहीस, हा मी परत निघालो. तुकोबांचा तर 'माझे लेखीं देव मेला' असा अभंग आहे. त्याच्याशी बोलणं नाही, त्याचं नाव घेणं नाही, आमचं तुटलं. हे गाथेत छापलेलं आहे आणि वारकरी ते गातात. चोखोबांना तर ज्याची भक्ती करायची त्याच्याच देवळात पाऊल टाकायची बंदी होती. त्यांच्या अभंगात गोडवा आणि जाब दोन्ही एकाच तोंडाने येतात.

यात एक बारकावा आहे, ताई असा वा दादा, तो सोडू नका. यातले बहुतेक 'तू' म्हणून भांडतात. देवाबद्दल नव्हे, देवाशी. 'देव असाच असतो' असं चारचौघांत बोलणं वेगळं, त्याने मन कडू होत जातं. 'तू असा का?' असं समोर उभं राहून विचारणं म्हणजे अजून नातं आहे. म्हणून देव्हाऱ्यासमोर बसा, दार लावा आणि तुमच्या शब्दांत मोठ्याने बोला, पाच मिनिटं. शब्द सुचत नसतील तर नामदेवांचे घ्या. झालं की हरिपाठाचा ठरलेला अभंग म्हणून उठा. भांडणावर बैठक संपवू नका, ठरलेल्या नेमावर संपवा. नाहीतर राग दिवसभर अंगावर राहतो.

वाचायचा क्रम विचारलात तर माझ्या मते असा. आधी करुणेचे: 'कन्या सासुऱ्यासि जाये । मागें परतोनी पाहे'. अवघा चार कडव्यांचा अभंग, त्यात उपदेश एकही नाही. सासरी निघालेली मुलगी, आईला चुकलेलं मूल, पाण्याबाहेरची मासोळी, एवढंच. ज्याला आत्ता उपदेश सोसत नाही त्याला हा सोसतो. मग भांडणाचे, वर सांगितलेले. दोन-तीन आठवड्यांनी 'जेथें जातों तेथें तूं माझा सांगाती । चालविसी हातीं धरूनियां'. नंतर 'रात्रंदिवस आम्हां युद्धाचा प्रसंग'.

आणि 'बरें जालें देवा निघालें दिवाळें' आत्ता नको. तो फार मोठा अभंग आहे, पण तो मागे वळून बघणाऱ्याचा आहे. दिवाळं निघालं तेच बरं झालं, असं तुकोबा पलीकडच्या काठावर पोचल्यावर म्हणतात. ताज्या जखमेवर तो म्हटला की आपण स्वतःशी खोटं बोलतो आणि ते आतून कळत असतं. दुसऱ्याच्या जखमेवर तर कधीच म्हणू नये.

---

ओळ_शोधणारा

जनीचं_जातं यांच्याशी पूर्ण सहमत. 'ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें' बद्दल एवढंच: पुढचा अर्धा चरण 'चित्तीं असों द्यावें समाधान' हा आहे. चित्तात समाधान ठेवायला सांगितलंय, हातपाय बांधून बसायला नव्हे. 'उद्वेग वाहून पदरात दुःखच पडतं' असा त्याचा रोख आहे. आणि अभंग बोलणाऱ्याने स्वतःला सांगितलेला आहे. तोच दुसऱ्याच्या तोंडावर मारला की त्याचा अर्थ 'गप्प बस' असा होतो. चीड येते ती तुकोबांची नव्हे, त्या वापराची. तो अभंग सहा महिने बाजूला ठेवलात तरी काही बिघडत नाही.

त्याऐवजी 'आलिया भोगासी असावें सादर । देवावरी भार घालूनियां' घ्या. 'सादर' म्हणजे समोर हजर, तयार. यातला भार देवावर, पण हजर राहायचं आपण.

---

पायवाट_अहमदनगर

मी मराठी ख्रिस्ती परंपरेतून लिहितो आहे. इथे चाललेलं सगळं ओळखीचं वाटलं म्हणून थोडी भर. आमच्याकडेही नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तावर अभंगच रचले, त्यामुळे परकं काही नाही.

आमच्याकडचं 'ठेविलें अनंतें' म्हणजे बायबलातलं यिर्मया 29:11. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताच्या योजना आहेत, तुम्हांला भविष्य आणि आशा देण्याच्या, अशा अर्थाचं वचन. नोकरी गेली, लग्न मोडलं, परीक्षा हुकली की हे वचन कार्डावर छापून हातात येतं, आणि माणूस वाट बघत बसतो की आता माझी जुनी योजना देव पुरी करील. ती झाली नाही की विश्वासच डळमळतो. चूक वचनात नाही, ते तोडून वाचण्यात आहे.

हे एका पत्रातलं वाक्य आहे. यरुशलेमहून बाबेलला पाडाव करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पत्र पाठवलं. 10 वं वचन वाचा: परत येणं होईल, पण सत्तर वर्षांनी. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांच्या हयातीत नाहीच. आणि त्याआधी 5 ते 7 मध्ये काय करायचं ते आहे: घरं बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा आणि त्यांचं फळ खा, लग्नं करा, ज्या नगरात तुम्हांला नेलं आहे त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. जिथे जायचं नव्हतं त्याच गावासाठी. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल असं सांगतो. लोकांना गोड वाटलं असणारच, आणि तो खोटा ठरला. तेव्हा जे कुणी देवाच्या नावाने तारीख देतात, 'सहा महिन्यांत बघ कसं होतं ते', त्यांच्यापासून सांभाळा, धर्म कुठलाही असो.

रागासाठी स्तोत्रसंहिता. 13 वं स्तोत्र सहाच वचनांचं आहे, 'कोठवर?' हा एकच प्रश्न ते चार वेळा विचारतं आणि मग वळतं. 42 आणि 43 एकत्र वाचा. 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?' हे तिथे तीनदा येतं, म्हणजे पहिल्यांदा सांगून जीव ऐकत नाही हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. 88 वं शेवटपर्यंत वळत नाही, अंधारातच संपतं. ज्या दिवशी आशेचा एक शब्दही सहन होत नाही त्या दिवसासाठी ते ठेवलेलं आहे. एकूण 150 स्तोत्रं आहेत, रोज 5 घेतली तर 30 दिवसांत आवर्तन होतं. नवख्याने रोज एकच घ्यावं, आणि तेही मोठ्याने.

---

मालिनी_पंधरा

मन स्थिर होत नाही हीच तक्रार असेल तर समर्थांची करुणाष्टकं विसरू नका. 'अनुदिनिं अनुतापें तापलों रामराया' आणि त्याच श्लोकात 'अचपळ मन माझें नावरे आवरीतां'. तुमचीच तक्रार आहे, प्रार्थनेच्या रूपात. वृत्त मालिनी, ओळीत पंधरा अक्षरं, आठव्या अक्षरावर विसावा. तो विसावा पाळला की म्हणणी आपोआप संथ होते. घाईघाईत म्हणताच येत नाही.

चालायला जात असाल तर मनाचे श्लोक. भुजंगप्रयात, ओळीत बारा अक्षरं, पावलाच्या ठेक्यात बसतात. 205 श्लोक आहेत, रोज एक पाठ करायचा. 'जगीं सर्व सूखी असा कोण आहे' हा लहानपणी पाठ केलेला असेल. तो आता हळू म्हणून बघा.

---

दवा_आणि_दुवा

थोडक्यात पण गरजेचं. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, कशातच रस नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर नेम चालू ठेवाच, पण डॉक्टरांकडेही जा. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, नंबर 14416, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. औषध घेतलं म्हणजे भक्ती कमी पडली असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मधुमेहाच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर एकादशी निर्जळी करू नका, फराळाची करा, आणि गोळीची वेळ चुकवू नका.

---

मधलीवाट

झोप कमी झालीय, बाकी तसं नाही. तरी नंबर लिहून ठेवला.

आजपासून दिवा लावल्यावर पहिला अभंग. वहीत 'याति शूद्र' रोज एक कडवं. गावात पुढच्या महिन्यात सप्ताह आहे. 'हात आधी' म्हणालात, तर तिथे काय काम मागावं? पंगतीत वाढायला गेलो की ओळखीचे लोक निकालाचंच विचारणार.

---

टाळकरी_तिसरी_रांग

मग वीणेचा पहारा मागा, आणि तो रात्री दोन ते चारचा. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत, अखंड कुणाच्या तरी गळ्यात असते. दिवसाच्या आणि संध्याकाळच्या पहाऱ्यांना माणसं भरपूर असतात. मध्यरात्रीनंतरचे पहारे भरताना मंडळींची ओढाताण होते. झोप येत नाही म्हणता ना, तुम्ही त्यांना हवेच आहात. फळ्यावर पहाऱ्यांची यादी लागते, पहिल्याच दिवशी नाव घाला आणि सातही रात्री तीच वेळ मागा.

करायचं असं. पंधरा मिनिटं आधी जा. लघवी-पाणी आधीच उरकून घ्या, हातपाय धुवा, कारण वीणा गळ्यात आल्यावर मधेच जाता येत नाही. आधीचा पहारेकरी आणि तुम्ही एकमेकांच्या पाया पडायचं, वय बघायचं नाही. मग त्याच्या गळ्यातून तुमच्या गळ्यात. वीणा जमिनीला टेकवायची नाही. तुंबा छातीशी सांभाळा, तर्जनीने तारा हलक्या छेडत राहा आणि 'राम कृष्ण हरि' किंवा त्या देवळात जो नामघोष चालतो तो धरा. आवाज फार लावू नका, दोन तास पुरवायचा आहे. पेंग आली की बसू नका, वीणा घेऊन मांडवात सावकाश फेऱ्या घाला. अंगावर एक शाल असू द्या, पहाटे गारठा येतो.

त्या वेळी मांडवात वाचणारे झोपलेले असतात, एखादा म्हातारा खांबाला टेकून जागा असतो, समईत तेल घालायला कुणीतरी येतं. निकालाचं विचारणारं कुणी नसतं. पहिल्या रात्री पट्ट्याने खांदा भरून येईल आणि सगळं लक्ष तिथेच जाईल, जाऊ द्या. तुमच्यानंतर चारचा माणूस काकड आरतीआधी येईल. कधी कधी तो उशिरा येतो. तो येईपर्यंत वीणा तुमच्याच गळ्यात.